मामाला ऐकू जातं

"मग आता बोला की! आता कोण ऐकतंय? ऐकणारा तर बुडून मेला!"

मनकर्णानं काठीच्या टोकानं बाहेर काढलेला उंदीर नवऱ्याच्या पायाशी आपटला. पाण्यानं फुगून तो घुशीएवढा झाला होता. पुंजाराम दोन पावलं मागं सरकला आणि रस्त्याकडं बघत म्हणाला, "हळू बोल. आळी जमा करशील."

"जमू द्या. उंदरानं ऐकू नये म्हणून गप्प, शेजाऱ्यानं ऐकू नये म्हणून गप्प. मग तोंड कशाला दिलंय तुम्हाला? तंबाखूला?"

पिण्याच्या पाण्याचा रांजण अंगणात आडवा पडला होता. माजघरातून तिनं तो एकटीनं लोळवत बाहेर आणला होता. पाणी उतारानं ओढ्याकडं चाललं होतं. कोंबड्या तिकडं धावल्या तशी तिनं त्यांच्यावर काठी उगारली.

दारात तिची लेक सरू उभी होती. आठवा महिना सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती पंधरा दिवसांपूर्वी आली होती आणि गेले तीन दिवस याच रांजणातलं पाणी पीत होती. मेलेला उंदीर आधी तळाला जातो, फुगला की वर येतो. हा आज सकाळी वर आला, तोही सरूच्या तांब्याला धडकून.

"औषध कधी ठेवलं?" मनकर्णानं विचारलं.

पुंजारामनं आईकडं पाहिलं. आवडाबाई ओट्यावर बाजेवर बसल्या होत्या. ऐंशीला टेकलेल्या, पण घरातलं शेवटचं वाक्य आपलंच असावं ही हौस अजून तशीच. त्या म्हणाल्या, "मनकर्णे, त्याचं नाव काढायचं नसतं. मामाला ऐकू जातं. ऐकलं की मग शिवत नाय तो."

"आत्याबाई, तुमचा मामा तीन दिवस तुमच्या पाण्यात पोहत होता. तुम्हीबी प्यालात. आता काय ऐकायचं राहिलंय त्याचं?"

आवडाबाईंनी तोंडावर पदर धरला आणि बाजेपलीकडं थुंकल्या.

ओढ्याकाठच्या त्या सात-आठ घरांत रीतच तशी होती. उंदराला उंदीर न म्हणता मामा म्हणायचं आणि विषाला विष म्हणायचं नाही. घरातल्या कर्त्या पुरुषानं गोठ्यात बसून ज्वारीच्या पिठात गूळ, तेल आणि बाजारातली काळी पूड कालवायची, गोळ्या वळायच्या, कुणाला न सांगता कोपऱ्या-कोपऱ्यात ठेवायच्या आणि मेलेले उंदीर दिसेपर्यंत त्यावर अक्षर काढायचं नाही. पुंजारामच्या बापानं तेच केलं, पुंजाराम तेच करत आला. या गप्प बसण्यापायी घरातली दोन मांजरं आणि एक करडू गेलं; कोंबड्या तर किती, ते सांगता येणार नाही. दर वेळी पुरुष म्हणायचे, त्याचा भोग होता.

"गुरुवारी," पुंजाराम शेवटी पुटपुटला.

"गोळ्या किती?"

"नऊ. का अकरा असत्याल."

"नऊ का अकरा?"

"मोजत बसत नसतात त्या."

मनकर्णानं काठी टाकली. "सरू, चपला घाल. आणि तुम्हीबी चला. डॉक्टरीणबाई विचारतील ते मला ठावं नाय. तुम्हालाच ठावं."

पिशोरला जाणारी जीप डांबरी रस्त्यावर मिळाली. चौदा माणसं बसलेल्या जीपमध्ये मनकर्णानं लेकीला पुढं, ड्रायव्हरच्या बाजूला बसवलं. "मळमळतंय का? पोटात दुखतंय का? हलतंय ना?" ती दर मैलाला विचारत होती. सरू म्हणाली, "माय, तू विचारती ना, त्यानंच मळमळतंय." एरवी मनकर्णा हसली असती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, विष कोणतं, कधी ठेवलं, पुडी आणली का? मनकर्णानं बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याला हाक मारली. "आत या. इथं सांगा."

पुंजाराम आला आणि टेबलावर वाकून काहीतरी कुजबुजला.

"मोठ्यानं बोला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इथं उंदीर नाहीत."

दारातल्या बायका फिस्सकन हसल्या. पुंजाराम सोसायटीचा संचालक होता. त्याच्या सहीसाठी माणसं सकाळपासून ओट्यावर बसत. त्याचे कान लाल झाले, पण काळ्या पुडीचं नाव त्याला मोठ्यानं सांगावं लागलं.

डॉक्टरीणबाईंनी सरूला दोन तास झोपवून ठेवलं, पोटाला नळी लावून बाळाचे ठोके तीनदा ऐकले. ठोके चांगले होते. रांजणभर पाण्यात विष फारसं उतरलं नसणार, असं त्या म्हणाल्या; पण उलटी झाली, पोटात दुखलं किंवा बाळाचं हलणं कमी झालं तर तडक निघून यायचं. "आणि हे बघा, विष नसतं ना, तरी मेलेल्या उंदराचं पाणी म्हणजे आजारच. घरात उंदीर फार आहेत का?"

"ओढा लागूनच हाय," पुंजाराम म्हणाला. "वर जंगल. त्याला इलाज नाय."

"बाळंतीण कुठं निजणार?"

सरूनं समोरच्या बूथवरून वाळूजला भावाच्या कंपनीत फोन केला. बद्रीनाथची पहिली पाळी होती. सुटली की येतो म्हणाला.

परतीच्या जीपमध्ये पुंजारामला आवाज फुटला. "ठोके चांगले हायेत म्हणल्या ना? मग झालं."

मग झालं. वीस वर्षांपूर्वी याच माणसानं हेच दोन शब्द म्हटले होते, आणि ते मनकर्णा विसरली नव्हती.

मनकर्णाचं माहेर फर्दापूर. बाप लेण्यांच्या वाटेवर चहा विकायचा. घर एका खोलीचं, पण खाली दगड आणि वर पत्रा. पंधराव्या वर्षी लग्न होऊन ती इथं आली तेव्हा तिनं पाहिलं, की घर मोठं आहे, पांढऱ्या मातीच्या भिंती दोन हात जाड आहेत, आणि त्या भिंती आतून पोकळ आहेत. महिन्याभरानं तिनं पेटी उघडली तर लग्नाच्या साडीच्या घडीत उंदराची सहा पिल्लं होती. लालभडक, डोळे न उघडलेली. ती किंचाळली. आवडाबाई म्हणाल्या, "शकुन हाय. मामानं माहेरची साडी घेतली, आता तू सासरची झालीस." मनकर्णानं साडीसकट पिल्लं ओढ्यात टाकली आणि त्यासाठी दोन दिवस बोलणी खाल्ली.

तेव्हापासून ती उंदरांच्या मागं होती. दुसऱ्या बायका देवाधर्माचं शिकतात, भरतकाम शिकतात. ती उंदीर शिकली. उंदीर खोलीच्या मधून चालत नाही, भिंतीला अंग घासत चालतो आणि तिथं तेलकट पट्टा उमटतो. बिळाच्या तोंडाशी राख पसरली की सकाळी पायांवरून कळतं, वापरातलं बीळ कोणतं. नुसत्या चिखलानं बुजवलेलं बीळ रात्रीत मोकळं होतं. चुन्यात फुटक्या काचा कालवून कोंबल्या तर दोन पावसाळे टिकतं. पोती भिंतीपासून हातभर लांब, दगडांवर उचलून ठेवली तर खालचं दिसतं आणि मांजराला फिरता येतं. श्रावणात ओढ्याला पाणी चढलं की काठावरची बिळं बुडतात आणि सगळी जमात घराकडं येते. तिच्यामागून साप. हे सगळं तिनं स्वतः पाहून ठरवलेलं होतं. आळीतल्या बायका तिला विचारायला येत. घरातल्या पुरुषांनी कधी विचारलं नाही.

तिनं दोनच गोष्टी मागितल्या होत्या. मागच्या भिंतीला टेकून रचलेली कडब्याची गंजी लांब न्यावी, कारण गंजीतूनच उंदीर भिंतीत शिरतो. आणि धान्याच्या खोलीला खाली फरशी घालावी. पुंजाराम म्हणायचा, पावसात भिजत कडबा आणायला तू जाशील का? ती म्हणायची, जाईन. दर वर्षी गंजी त्याच जागी उभी राहायची.

आणि धान्याचीच खोली बाळंतिणीची खोली होती. तीच आतली, उबदार, बिनखिडकीची. आवडाबाईंची बाळंतपणं तिथं झाली, बद्रीनाथ तिथं झाला, सरू तिथं झाली.

सरू बारा दिवसांची होती. दुपारी तिला तेल लावून, शेकून, कुशीत घेऊन मनकर्णा आडवी झाली आणि तिचा डोळा लागला. पोरीच्या किंकाळीनं जागी झाली तेव्हा दुपट्यावर रक्त होतं आणि पोत्यांमागं काहीतरी सरकत होतं. तेलादुधाचा वास लागला की उंदीर येतो. डाव्या कानाची पाळी अर्धी गेली होती. मनकर्णा पोरीला घेऊन तशीच अंगणात आली, बाळंतपणाच्या पट्ट्यासकट, माणसांपुढं. आवडाबाईंनी हळद दाबली. पुंजाराम शेतातून आला, कान पाहिला आणि म्हणाला, "कानावरच गेलं ना? मग झालं."

शाळेत सरूला पोरं 'कुरतडी' म्हणत. बघायला आलेल्या एका घरानं निरोप पाठवला, मुलगी चांगली आहे, पण कानाला काय झालं ते खरं सांगा. मनकर्णानं खरं ते सांगितलं. त्या घरानं मागं फिरून पाहिलं नाही. ज्या घरात बाळाला उंदीर खातो, तिथली पोरगी काय घर राखणार, असं म्हणाले म्हणे. त्या वाक्यानं मनकर्णा चार दिवस जेवली नव्हती, कारण त्यात तिला खोटं काही सापडत नव्हतं.

कान गेला त्या दुपारपासून फरशीचं वचन होतं. या सुगीला, पुढच्या सुगीला. पुंजाराम सोसायटीत निवडून आला त्या वर्षी खरोखरच शहाबादी फरशीची ट्रॉली दारात उभी राहिली. मनकर्णानं त्याच दिवशी धान्याची खोली रिकामी करायला घेतली. संध्याकाळी गवंडी आला आणि त्यानं बैठकीत दोरी लावली. चार माणसं येतात-जातात, त्यांच्यासमोर मातीची जमीन बरी दिसत नाही, असं पुंजाराम म्हणाला. बैठकीच्या भिंतींनाही कमरेपर्यंत सिमेंट झालं, दाराला खाली पट्टी बसली, खिडकीला जाळी लागली. उरलेले तुकडे तिनं घमेल्यात गोळा केले आणि उंदरांची बिळं बुजवायला वापरले.

जीपमधून उतरल्यावर ती नवऱ्याशी बोलली नाही. सरूला ओट्यावर बसवलं आणि कंदील घेऊन धान्याच्या खोलीत शिरली. दुपारीही तिथं कंदील लागायचा.

शेजारची जाहेदा दोन हंडे पाणी घेऊन आली. तिचा नवरा फारूख पिशोरच्या बाजारात पत्र्याच्या कोठ्या बनवायचा. मनकर्णाच्या दारांखालच्या पत्र्याच्या पट्ट्या त्यानंच कापून दिलेल्या. जाहेदानं पदर खोचला आणि ती पोती ओढू लागली.

"अगे मनकर्णा, तुमचा चूहा मराठी समजता क्या?" ती म्हणाली. "हमारे घर के कू तो कुच नै समजता. मी रोज शिव्या देते, रोज येतो."

"तू ठेवतीस का विष?"

"लेकरं हायेत घरात. पिंजरा लावते. मरदांना फुरसत कुठं पिंजरा रोज बघायची? विष ठेवलं की यांचं काम झालं, मग घर बायकांचं."

दोघींनी मिळून वीस पोती हलवली. कणगीमागं दोन गोळ्या, उंबऱ्याच्या कोपऱ्यात एक, फडताळाखाली तीन, कोनाड्यात एक. मनकर्णानं त्या चिमट्यानं उचलून डब्यात टाकल्या. सात. मग तिनं पुंजारामला दारात बोलावलं.

"सात सापडल्या. बाकीच्या कुठं?"

"मामानं खाल्ल्या असत्याल."

"एक मेला रांजणात. बाकीच्या किती, दोन का चार? कुठं ओढून नेल्या? भिंतीत? का पिठाच्या डब्यामागं? तुम्ही नऊ म्हणता का अकरा?"

पुंजाराम थांबला. खरंच आठवायचा प्रयत्न करत होता, हे तिला दिसत होतं. "आता काय सांगू," तो म्हणाला.

तेवढं ऐकून ती थंड झाली. सकाळपासूनचा आवाज उतरला. जाहेदानं तिच्या तोंडाकडं पाहिलं, हंडे उचलले आणि "मी येते सांजच्याला" म्हणत काढता पाय घेतला. मनकर्णानं भिंतीला कान लावला. आत खुडबुड चालूच होती. विष कुठंतरी भिंतीत होतं, उंदीरही तिथंच होते, आणि महिन्याभरात याच भिंतीशी बाज टाकून सरूनं सव्वा महिना निजायचं होतं.

दिवस मावळायच्या सुमारास बद्रीनाथची मोटरसायकल आली. अंगावर कंपनीचा निळा शर्ट तसाच. तो आधी बहिणीपाशी बसला, मग आत येऊन खोलीला एक फेरी मारली. "माय, मी पुढच्या महिन्यात सिमेंट टाकतो. पाच पोती लागत्याल. ओळखीतला गवंडी हाय."

"पुढच्या महिन्यात ती बाळंत होईल."

"मग त्यानंतर टाकू."

"सुगी झाली की मीच टाकणार हाय फरशी," पुंजाराम म्हणाला. "माझ्या डोक्यात हायेच ते."

"वीस वर्षं हाय," मनकर्णा म्हणाली.

बाजेवरून आवडाबाई म्हणाल्या, "एवढं काय गं त्यात. पोरीच्या कानात कापूस घालायचा, बाजेचे पाय पाण्याच्या वाडग्यात ठेवायचे. आमची समदी तिथंच झाली. काय मेली का?"

"तुमची दोन गेली, आत्याबाई. कशानं गेली ते कुणी विचारलं नाय."

त्या घरात हे कुणी आवडाबाईंना कधी म्हटलं नव्हतं. बद्रीनाथनं खाली मान घातली.

"आई हाय ती माझी," पुंजारामचा आवाज चढला. "काय बोलतीस ते कळतं का? सकाळपासून चाललंय. दवाखान्यात माझी शोभा केलीस, आता हिची. चूक झाली म्हणतो ना. झालं तरी काय? पोरगी धडधाकट बसलीय समोर!"

"दादा," सरू बापाला म्हणाली. ती ओट्यावरून आत आली होती आणि चौकटीला धरून उभी होती. "मी नवऱ्याकडं जाते वापस. त्यांच्याकडं एकच खोली हाय, पण वर मजल्यावर हाय. सासूबाई करत्याल माझं. माहेरी केलं नाय म्हणून लोक बोलत्याल, बोलू द्या."

पुंजारामनं तिच्याकडं पाहिलं आणि मग बायकोकडं. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तशीच परत गेली, हे पिशोरच्या बाजारात कसं ऐकू येईल, ते त्याच्या चेहऱ्यावर सरळ दिसलं. "असं कुठं असतंय का?" तो म्हणाला. "बद्री, समजाव तिला. ते बघू आपण उद्या. आता माणसं येत्याल, निवडणुकीचं बोलायचंय. मनकर्णे, सहा कप चहा ठेव."

त्यानं बैठकीचं दार उघडलं, दिवा लावला. शहाबादी फरशी रोज पुसलेली असायची, पुसायची मनकर्णाच. भिंतीला कुठं तेलकट पट्टा नव्हता, कोपऱ्यात लेंडी नव्हती. दहा वर्षांत त्या खोलीत तिनं उंदीर पाहिला नव्हता. लोखंडी पलंगावर पांढरी चादर, खाली गाद्या, लोड, भिंतीवर सत्काराचे फोटो.

मनकर्णा चुलीकडं गेली नाही. ती नवऱ्यामागून बैठकीत शिरली. बायकांनी तिथं पुसण्यापुरतं यायचं, अशी त्या घरची वहिवाट. तिनं पहिली गादी गुंडाळली, उचलली आणि बाहेर ओट्यावर नेऊन टाकली. परत येऊन दुसरी गुंडाळली.

"हे काय चाललंय?" पुंजाराम म्हणाला.

"बद्री, लोड घे," ती म्हणाली. बद्रीनाथनं बापाकडं पाहिलं, क्षणभर घुटमळला आणि लोड उचलले.

"अगं, माणसं यायलीत! इथं बाळंतीण? चार लोक बसायची जागा, तिथं विटाळ? आई, सांग हिला!"

आवडाबाईंनी तोंड उघडलं, आणि सुनेकडं बघून मिटलं.

मनकर्णानं पलंगावरची चादर झटकली, नीट पसरली आणि कडा गादीखाली दाबल्या. मग ती बैठकीच्या दारात उभी राहिली, जिथून ओट्यावरची सासू, अंगणातला लेक, चौकटीतली सरू आणि आतला नवरा सगळ्यांना ऐकू जाईल.

"आजपासून सरू इथं निजणार. बाळंतपण याच खोलीत होणार, आणि सव्वा महिना नाय, तीन महिने ती इथंच राहणार. तुमची माणसं पारावर बसतील. चहा तिकडं पाठवीन."